मेल्याचं सोंग

गृहस्थ : परत लावा ना. एकदाच.

धाकटा : एकदाच का, दहादा लावतो! हां, आता बघा. हा मी. पोट आत घेतलंय, तिकडे लक्ष देऊ नका. हातात या कापूस नावाच्या कुत्र्याचा पट्टा. आता तो मुठीला गुंडाळायला लागलो... एक वेढा... दुसरा... आणि धप्प! चारी पाय वर, डोळे मिटलेले, जीभ बाहेर. ‘कापूस मेला!’ ते ढॅणढॅण संगीत मी टाकलंय हं.

गृहस्थ : आणि खाली फरशी ओली होते ती?

धाकटा : मुततो ना तो! तेच तर लोकांना आवडलं. कमेंटी वाचा. ‘मेल्यावर कोण मुततं रे?’ ‘याला बक्षीस द्या.’ लाखभर लोक हसलेत साहेब. तोवर आमच्या या कुत्र्यांच्या पाळणाघराचं पेज बघत कोण होतं? मी आणि ताई. ताई पण फक्त शिव्या द्यायला.

गृहस्थ : शिकवलं कोणी त्याला?

धाकटा : कोणी नाही, उपजत नट आहे! एकदा फिरवून आणला, मी पट्टा गुंडाळून खुंटीला लावायला निघालो, तर हा आडवा. म्हटलं, अरे वा. दुसऱ्या दिवशी मोबाइल स्टँडवर लावला आणि परत गुंडाळला. परत पडला. मग परत. असं कितीदा तरी केलं, तेव्हा कुठे एक झकास मिळाला.

गृहस्थ : दर वेळी पडला?

धाकटा : दर वेळी! पट्टीचा कलाकार.

गृहस्थ : छान. कुठाय तो आता?

धाकटा : मागे मोरीत. अंघोळ झालीय, वाळत घातलाय. तुमचं कुत्रं कुठलं म्हणालात?

गृहस्थ : म्हणालो नाही अजून. असंच आहे, पांढरं. व्हिडिओत मागे शटर दिसतं ना, त्यावर पत्ता रंगवलाय तुमचा. म्हटलं फोन कशाला, जाऊनच येऊ.

धाकटा : मुद्दामच घेतलं ते शटर! फुकटात जाहिरात. आणि ताई म्हणते, तुझं डोकं चालत नाही.

गृहस्थ : चालतं की. याचे मालक कोण?

धाकटा : मालकीण. एकट्याच राहतात, नवीनच आल्यात इकडे. शांत बाई. एका कानाने ऐकू येत नाही, आणि मी जोक मारतो तो नेमका त्याच कानात. पहिल्याच दिवशी बजावलं होतं त्यांनी, फोटोबिटो काढू नका. आता मी काय त्यांचा काढणार होतो? कुत्र्याचा काढला. कुत्र्याला कसली आलीय अब्रू!

गृहस्थ : खरंय. डावा कान ना?

धाकटा : हो, डावा. ओळखता त्यांना?

गृहस्थ : अंदाज. न्यायला त्याच येतात?

धाकटा : काम सुटलं की थेट इथे. येतीलच आता. बसा ना, कापसाचे चाहते म्हणून ओळख करून देतो.

ताई : शटर अर्धं का ठेवलंस रे गाढवा? दोन्ही हातांत कुत्र्यांची ही दोन धुडं, आणि वाकून आत यायचं वय आहे का माझं?

धाकटा : घ्या, आलीच. साहेब, ही माझी ताई. धंदा हिचा, मी नुसता थोबाड दाखवायला. कसलंही चावरं कुत्रं असू दे, ही मागून जाते, फासाची दोरी गळ्यात टाकते, दोरी टाचेखाली दाबते आणि उभी राहते. आरडाओरडा नाही, काही नाही. कुत्रं आपोआप गार. त्याचाही व्हिडिओ करणार आहे मी.

ताई : माझा व्हिडिओ केलास तर तुझ्या गळ्यात टाकीन. हे कोण?

धाकटा : गिऱ्हाईक. त्यांचंही पांढरं कुत्रं आहे.

ताई : बरं. नाव काय त्याचं?

गृहस्थ : सुलतान.

ताई : वय?

गृहस्थ : बसा तरी. दमून आलात.

ताई : मी कुत्र्याचं वय विचारलं. माझं नाही.

धाकटा : ताई, गिऱ्हाईक आहेत ते. जरा गोड बोल.

ताई : थांब. कापूस कुठाय?

धाकटा : मोरीत.

ताई : मग गप्प का? मी शटरला हात लावला की तो दाराला नखं घासतो, रडतो. रोज. आज आवाज नाही. बाजूला हो.

धाकटा : झोपला असेल अंघोळीने. साहेब, तिचं मनावर घेऊ नका, माणसांशी बोलायची सवय गेलीय तिची. दिवसभर कुत्र्यांत असते. मीही दिवसभर कुत्र्यांतच असतो म्हणा, पण—

ताई : इकडे ये.

धाकटा : काय झालं?

ताई : ये आधी. बघ. पाय वर. डोळे मिटलेले. खाली ओलं. तू पट्टा दाखवलास?

धाकटा : नाही गं. मी बाहेर होतो, या साहेबांशी बोलत होतो. दार लावलेलं होतं.

ताई : कोणी मूठ दाखवली नाही, कोणी पट्टा काढला नाही. मग मेला कशाला हा? हात लावून बघ छातीला. लाव.

धाकटा : ताई, कसलं धडधडतंय त्याचं.

ताई : हे सोंग आहे का रे? हे?

गृहस्थ : माझा आवाज ओळखला त्याने. चांगली स्मरणशक्ती आहे. तिचीही होती. सांगितलेलं विसरायची नाही, फक्त ऐकायची नाही.

धाकटा : साहेब... शटर का ओढलंत खाली? आणि खुंटीवरचा पट्टा कशाला काढलात?

गृहस्थ : तुमचं एक चुकतं. मी तो व्हिडिओ बघितला तेव्हाच म्हटलं, हा पोरगा चुकीचा धरतोय. पट्टा मुठीला गुंडाळताना लोखंडी कडी आत नाही ठेवायची. बाहेर, बोटांच्या वर. अशी. मग एकच द्यावा लागतो, पुन्हा द्यावा लागत नाही. नुसती मूठ दाखवली की पुरतं. सुलतानला मी शिकवलंय ते. दोघांना एकदमच शिकवत होतो. तो आधी शिकला.

धाकटा : तिचा कान...

गृहस्थ : उजव्या हाताने मारलं की डावाच जातो. त्यात हुशारी नाही काही.

ताई : नवरा का तू तिचा?

गृहस्थ : हो. आणि कुत्रं माझं आहे. दोन्ही माझी आहेत, आणि दोन्ही घेऊन जाणार आहे. तुमच्याशी माझं भांडण नाही. मी त्या खुर्चीवर बसतो. ती येईल, शटर वाजवील, तुम्ही म्हणायचं, या. एवढंच काम.

ताई : धाकट्या, तिला फोन लाव. येऊ नको म्हणावं.

धाकटा : लावतो, लावतो... कुठे गेला नंबर...

गृहस्थ : ठेव तो खाली.

ताई : लाव!

धाकटा : वाजतोय ताई, वाज— आईगं! आई आई आई! बोटं! ताई, बोटं गेली माझी!

गृहस्थ : ठेव म्हटलं होतं. बघितलंस? कडी बाहेर असली की एकच पुरतो. मोबाइल मोडला तुझा, त्याचे पैसे देईन. मी कुणाचं बुडवत नाही.

धाकटा : हाड बाहेर आलंय... ताई, हाड दिसतंय...

ताई : बघू नकोस त्याच्याकडे. हात छातीशी धर. वर धर. ए, तू. ती खुर्ची सोड आणि चालता हो. मी एकदाच सांगते.

गृहस्थ : मी पण.

धाकटा : नको! बाईमाणूस आहे, तिला नका— ताई! ताई, डोळा! डोळा वाचला का?

ताई : वाचला. भुवई फुटली. ओरडू नकोस, कुत्री बिथरतात.

धाकटा : बिथरू दे! सोड ना दोघांना! थोरल्या कुत्र्याचा जबडा बघ केवढाय! सोड त्याच्या अंगावर, फाडून खाऊ दे!

ताई : नाही.

धाकटा : अगं का नाही?

ताई : दुसऱ्याची कुत्री आहेत. आणि माणसाला चावणाऱ्या कुत्र्याला नेऊन मरणाची सुई देतात. माणसाला देत नाहीत. याच्यापायी थोरला कशाला मरू दे? बस रे. बस दोघं. शाब्बास.

गृहस्थ : शहाण्या आहात. उगाच चेहरा खराब करून घेतलात. आता ते बोळ्याने दाबा आणि गप्प बसा, ती येईपर्यंत मी माझ्या कुत्र्याला भेटतो. सुलतान! काय रे, मोरीत राहायला लागलास? अंघोळी बिंघोळी? ऊठ. ऊठ म्हटलं ना. बघ माझ्या हातात काय आहे.

धाकटा : त्याला नका मारू! आधीच पडलाय तो, पडलेल्याला कशाला मारता?

गृहस्थ : पडलंय म्हणजे ऐकलंय असं नाही. उठायचं कधी तेही शिकवावं लागतं. वाकलं की कळतं कुठे लागेल ते. असं.

धाकटा : केकाटला तो! ताई, केकाटला! ताई, कुठे चाललीस? ताई, तुझ्या हातात...

(मोरीत बादली उलटते. कुणाचं तरी डोकं फरशीवर आपटतं. दोन्ही मोठी कुत्री भुंकत सुटतात.)

ताई : ओढू नकोस. ओढलंस की आवळतो. ढिलं सोडलंस की ढिला होतो. कुत्र्यांना कळतं दोन झटक्यांत, तुला किती लागतात बघू. परत ओढलंस. परत आवळला. मी काही करत नाहीये रे, तूच करतोयस. तुझी बायको पण हेच ऐकायची ना? तूच ओढवून घेतेस म्हणून?

धाकटा : ताई...

ताई : नखं नको मारू दोरीला, ती तुटत नाही. थोरल्यासारखी धुडं टांगली तरी तुटत नाही. बोल ना आता. मघाशी किती छान बोलत होतास. शांत, सावकाश. कडी बाहेर ठेवायची म्हणालास ना? मी पण गुंडाळते मुठीला. एक वेढा. बघ, जमतंय. दुसरा.

धाकटा : ताई, काळानिळा पडलाय तो.

ताई : पडू दे.

धाकटा : मरेल अगं!

ताई : कशाने? सोंग करतोय. नट आहे उपजत. बघ, पाय झाडतोय. बघ, मुतला. फरशी ओली. आता हस की! लाखभर लोक हसले ना? ढॅणढॅण लाव! मोबाइल मोडला तुझा, नाहीतर केवढा मोठा व्हिडिओ झाला असता! ‘नवरा मेला!’ कमेंटी वाचून दाखव मला!

धाकटा : ताई, पुरे! मी पाया पडतो. मला नव्हतं कळलं गं ते. मला खरंच मजा वाटली. पाया पडतो, सोड.

ताई : तू पाया पडू नकोस. तू परत परत पाडलंस त्याला. पट्टा दाखवून. तो मुतेपर्यंत. आणि मी बघत होते. मी पण हसले होते पहिल्यांदा, लाज वाटते मला, हसले होते! कुत्र्यांत जन्म गेला माझा आणि मला भीती ओळखता आली नाही. आणि हा हरामखोर घरी बसून तेच बघत होता. तुझ्या-माझ्या डोळ्यांनी बघत होता!

धाकटा : ताई, कापूस.

ताई : काय कापूस!

धाकटा : उठलाय.

ताई : खोटं बोलू नकोस.

धाकटा : मागे बघ. तुझ्या मागे. भिंतीला टेकलाय, मागचा पाय उचलून धरलाय, लागलंय तिथे. पण उठलाय. आणि तुझ्या मुठीकडे बघतोय तो, ताई. त्याच्याकडे नाही. तुझ्या मुठीकडे.

ताई : माझ्या?

धाकटा : दोरी गुंडाळलीयेस तू मुठीला. त्याला काय कळतंय कोणाची मूठ ते? आता परत पडेल तो. बघ, कापायला लागला.

ताई : नको रे राजा. नको पडू. सोडला बघ. हा बघ सोडला, एक वेढा... हा दुसरा. मोकळा हात. दोरी टाचेखाली घेतली, बघ. हात मोकळे आहेत माझे. धाकट्या, याचा श्वास चालू आहे का?

धाकटा : घरघरतोय. आहे. जिवंत आहे.

ताई : मुसकं दे.

धाकटा : कशाला?

ताई : थोरल्याचं मोठं मुसकं दे म्हटलं. डाव्या हाताने दे. याच्या तोंडातून आवाज आला, तर कापूस परत पडेल. नाक मोकळं ठेवते, मरणार नाही. हं. आता हात मागे. याचे हात बघ केवढे मऊ आहेत. साखळी दे. दुसरी. भिंतीतल्या कड्याला अडकव.

धाकटा : डोळे उघडलेत त्याने. बघतोय.

ताई : बघू दे. ए, ऐक. टाच उचलतेय मी. ओढलंस की आवळतो, लक्षात आहे ना? शाब्बास. धाकट्या, माझा मोबाइल घे पिशवीतून. आधी पोलीस. मग तुझ्या हाताला दवाखाना.

धाकटा : काय सांगू त्यांना? तू त्याला... मानेवर वळ उठलाय बघ केवढा.

ताई : जे झालं ते सांग. माझं पण सांग. लपवायला मी काय नवरा आहे?

धाकटा : पण म्हणजे... आपला धंदा बंद करतील ताई.

ताई : करू दे. आणि दुसरं, तो व्हिडिओ काढ.

धाकटा : काढतो. थांब, आधी पोलीस... हं, सांगितलं सगळं, निघालेत ते. आता यावरूनच काढतो. डाव्या हाताने जमत नाहीये... ‘नक्की काढायचा का’ विचारतंय. आत्ता पण कोणीतरी हसलंय खाली. आत्ता, या मिनिटाला. निघाला. ताई, निघाला, पण तो लोकांनी पुढे पाठवलाय गं. तो कसा काढू?

ताई : तो नाही निघायचा. थांब. शटर वाजतंय.

धाकटा : त्या आल्या.

ताई : तू इथे थांब. मोरीचं दार लोटून घे. मी बाहेर जाते.

बाई : ताई? उशीर झाला का मला? शटर खाली बघून घाबरलेच मी. मघाशी तुमच्याकडून फोन आला आणि लगेच तुटला. बरं आहे ना कापसाला? अगंबाई, कपाळाला काय झालं तुमच्या?

ताई : दार लागलं.

बाई : मलाही दारच लागायचं.

ताई : बसा इथे पायरीवर. नाही, या बाजूला या, तुमच्या चांगल्या कानाकडे येते मी. ऐका. तो आला होता. तुमचा. उठू नका, बसा! बांधलाय त्याला मी. आत आहे, साखळीने बांधलेला, तोंडाला मुसकं आहे. पोलीस निघालेत. तो इथपर्यंत येणार नाही, पायरीपर्यंतसुद्धा नाही.

बाई : कसा... कसं कळलं त्याला? मी कोणाला सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही.

ताई : आमच्यामुळे. माझ्या भावाने कापसाचा व्हिडिओ टाकला, पट्टा बघून पडतो तो. लोकांना हसू आलं. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी टाकला. मला माहीत होतं, तरी मी काढायला लावला नाही. शिव्या द्या. मारा हवं तर.

बाई : मारू?

ताई : चुकले. भलतंच बोलले.

बाई : कापूस कुठाय?

ताई : आत. पायाला लागलंय. मोडला नसावा, हलवतोय.

बाई : तो पडला असेल ना हो. त्या माणसाचा आवाज ऐकून. मी ओरडायचे तेव्हा तो आधी पडायचा. दोघं शेजारी शेजारी पडून राहायचो आम्ही फरशीवर, मी त्याला म्हणायचे, अरे तू तरी ऊठ. तू कुत्रा आहेस, तुला दात आहेत, तू तरी ऊठ रे.

ताई : आधी पडला.

बाई : आणि मग?

ताई : मग उठला.

बाई : काय म्हणालात? गाडी गेली, ऐकू नाही आलं.

ताई : उठला म्हटलं. तुमचा नवरा समोरच होता तेव्हा, तरी उठला कापूस. अजून उभा आहे.